गाठीचे नाव

शिरूर तालुक्याच्या उत्तर अंगाला कवठे येमाई नावाचे गाव आहे. येमाई देवीचे ठाणे म्हणून पंचक्रोशीत त्याची ख्याती. ते माझे आजोळ. मी इतिहासाचा एम. ए.; महाविद्यालयात तोच विषय शिकवतो. तेव्हा हा माणूस रोगांविषयी बोलायला कसा बसला, असे वाचकांना वाटेल. ते साहजिकच आहे. पण रोगांनाही इतिहास असतो, आणि रोगांच्या नावांना तर फारच मोठा असतो. त्या इतिहासाची वाट मला माझ्या मामांनी दाखवली.

२००६ सालची दिवाळी होती. मी नुकताच एम. ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. भाऊबिजेला आईबरोबर कवठ्याला गेलो, तेव्हा मामांच्या मानेला उजव्या बाजूस सुपारीएवढी गाठ दिसली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. आईने विचारले तर मामा म्हणाले, "अगं, दुखत न्हाई तर तिचं काय एवढं?" पौषापर्यंत तिचे लिंबू झाले. मग एका दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि म्हणाले, गंडमाळ, म्हणजे क्षयाची गाठ. तपासणीला तुकडा काढला नाही. गोळ्या सुरू झाल्या. चार महिने मामांनी त्या नेमाने घेतल्या आणि चार महिने गाठ वाढतच राहिली.

शेवटी पुण्याला नेले. तिथे गाठ काढून तपासली आणि एक कागद हाती आला. मामांनी तो माझ्यापुढे धरला. "भाच्या, एवढं शिकलास, मोडीसुद्धा वाचतोस म्हणं. हे वाचून सांग बरं." मी वाचले, 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा'. अक्षरे लागली, अर्थ लागला नाही. मोडीचा कागद एक वेळ बरा!

त्याच सुमारास जवळच्या वस्तीवरच्या एका गृहस्थांच्या काखेत गाठ आली होती. त्यांच्याही कागदावर अक्षरशः हेच नाव. वय जवळजवळ सारखे, औषधे तीच, तीन-तीन आठवड्यांनी सहा खेपा. ते गृहस्थ बरे झाले. आजही यात्रेत भेटतात. मामांची गाठ विरघळली, पण चार महिन्यांत पुन्हा उठली, आणि २००८ च्या मार्गशीर्षात मामा गेले. मामी मला एवढेच म्हणाल्या, "नाव एक, औषध एक. मग असं का व्हावं?"

ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर उघड होते. गोळ्यांत वाया गेलेले चार महिने. उरलेले अर्धे शोधता शोधता मला जे कळले, ते आज सांगतो. थोडक्यात असे की एका नावाखाली अनेक रोग दडलेले असू शकतात, आणि त्यांना वेगवेगळे करण्यात माणसाची जवळजवळ दोनशे वर्षे गेली आहेत.

आधी ही गाठ कशाची ते पाहू. आपल्या अंगात रक्ताप्रमाणेच लसीका नावाचा एक पाणीदार रस वाहत असतो. त्याच्या वाटेवर मानेत, काखेत, जांघेत लहान लहान ग्रंथी असतात. त्या म्हणजे गावाच्या वेशीवरच्या चौक्या. तिथे लसीकापेशी नावाचे शिपाई पहारा करतात आणि आत शिरणाऱ्या जंतूंशी झुंजतात. म्हणून पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. ते आपल्या फायद्याचेच असते. पण ह्या शिपायांपैकीच एखादा बिघडला, हुकूम नसता आपली संख्या वाढवू लागला, तर चौकी फुगते आणि फुगतच जाते. त्या रोगाला लिम्फोमा म्हणतात. हा कॅन्सरच, पण पहारेकऱ्यांचा.

गाठींना नावे देण्याचा उद्योग आपल्याकडेही जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड ह्यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. हाताला कशी लागते, पिकते की नाही, किती वेगाने वाढते, एवढ्यावरून ती ओळखायची. त्या काळी साधने दोनच होती, बोट आणि डोळा. आणि गंमत पाहा, २००७ साली मामांची गाठ ज्या पद्धतीने 'ओळखली' गेली, ती ह्याहून फारशी पुढची नव्हती!

युरोपातही बराच काळ हाच प्रकार होता. १८३२ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस हॉजकिन ह्यांनी एक निबंध मांडला. त्यात ग्रंथी आणि प्लीहा सुजून दगावलेल्या सात रोग्यांची हकिगत होती. हा नेहमीचा क्षय नव्हे, दुसरेच काही आहे, असे त्यांचे म्हणणे. सूक्ष्मदर्शकाचा आधार नव्हता. शवविच्छेदनात डोळ्यांना दिसले तेवढेच. पुढे सॅम्युएल विल्क्स ह्यांनी ह्या रोगाला हॉजकिनचेच नाव दिले. १८८२ साली रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. मग क्षयाची गाठ कोणती आणि क्षयाची नसलेली कोणती, हे पुराव्याने सांगण्याची सोय झाली. १८९८ साली कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ साली डोरोथी रीड ह्यांनी हॉजकिनच्या रोगात आढळणाऱ्या एका विशिष्ट, थोराड पेशीचे वर्णन केले. ती पेशी दिसली की रोग हॉजकिनचा, ही खूण पक्की झाली.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाला आवडावी अशी एक गोष्ट आहे. हॉजकिनच्या रोग्यांपैकी काहींच्या गाठींचे तुकडे गाय्जच्या संग्रहालयात जपून ठेवले होते. १९२६ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, ते काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. काहींत हॉजकिनचाच रोग निघाला, पण सर्वांत नाही! ज्याचे नाव रोगाला मिळाले त्याच्याच सात रोग्यांत एकाहून अधिक रोग मिसळलेले होते. ह्यात हॉजकिनला कमीपणा नाही. तुकडे जपले होते म्हणून चूक सापडली. कागद जपला तर इतिहास सुधारतो. तुकडा जपला तर निदान सुधारते.

असो. हॉजकिनच्या रोगाला ओळख मिळाली, पण उरलेल्या सगळ्या लिम्फोमांचे काय? त्यांना 'हॉजकिनचा नसलेला' असे नाव पडले. आजही तेच नाव चालते. आता गावात एखाद्याची ओळख 'हा पाटलांचा नव्हे' एवढीच करून दिली, तर तो कोणाचा हे कळणार कसे? ह्या एका 'नव्हे'च्या पोटात संथपणे वाढणारे, दहा-दहा वर्षे चालणारे रोगही होते आणि महिन्या-दोन महिन्यांत माणसाला पाडणारे आक्रमक रोगही होते.

आता थोडे आपल्या मुंबईकडे वळू. कारण ह्या रोगांशी लढण्याचा आपल्याकडचा मोठा इतिहास परळ भागात घडला, आणि त्याची सुरुवातही रक्ताच्या कॅन्सरानेच झाली. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली ह्या रोगाच्या संशोधनासाठी एक निधी स्थापन केला. त्याच वर्षी तेही निवर्तले. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी उचलली. हे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारे वैद्य. रोग्याशी त्यांची गाठ क्वचितच पडते, पण रोग्याचे भवितव्य त्यांच्या डोळ्यांवर असते.

खानोलकरांची दृष्टी इतिहासकाराची होती असे मला वाटते. रोग कोणाला होतो, कुठे होतो, त्या माणसांच्या चालीरीती काय, हे ते विचारीत. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काच्यावर होणारा कॅन्सर, तंबाखू-चुन्याने तोंडात होणारा कॅन्सर, ह्यांवर त्यांनी १९४० च्या दशकात लिहिले. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे ते पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे तयार झाल्या. अंगाबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचे शास्त्र त्यांनी ह्या केंद्रात रुजवले. पेशी काचेत जगवता आल्या नसत्या, तर पुढे तिच्या आतली गुणसूत्रे मोजणार कोण?

१९६३ साली डॉ. दाराब जस्सावाला ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. एका ठरलेल्या वस्तीतील प्रत्येक कॅन्सररुग्णाची नोंद ठेवणारी ही भारतातली पहिली वही. पण शहराची वही खेड्याचे काय सांगणार? म्हणून १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या परांडा व भूम तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदवही उघडली. माणसे वाडी-वस्तीवर जाऊन विचारू लागली. महसुलाची आकारणी असो की रोगाची, नोंद करायची तर आधी खाते ठरावे लागते. खातेच चुकले तर बेरीज बरोबर येऊनही हिशेब चुकतो. म्हणून रोगांच्या नावांचा प्रश्न हा केवळ पंडितांचा वाद नव्हे.

तो वाद मात्र जोरात चालला होता. १९५६ आणि १९६६ साली अमेरिकेतील हेन्री रॅपपोर्ट ह्यांनी लिम्फोमांची एक वर्गवारी मांडली. पेशी लहान की मोठी, आणि त्या घोळक्याने बसल्या आहेत की सर्वत्र पसरल्या आहेत, ह्यावरून नाव. वर्गवारी वापरायला सोपी होती, डॉक्टरांच्या उपयोगीही पडली. पण तिच्यात एक मोठी चूक होती. मोठ्या पेशी पाहून रॅपपोर्टना वाटले की ह्या लसीकापेशी नव्हेतच. ह्या हिस्टिओसाइट नावाच्या, जंतूंचा फडशा पाडणाऱ्या दुसऱ्याच जातीच्या पेशी आहेत. म्हणजे शिपाई फुगून जाडा झाला, तेव्हा त्याला दुसऱ्याच फौजेचा समजले!

ही चूक कोणी दुरुस्त केली म्हणता? काही अंशी कोंबड्यांनी! कोंबडीच्या मागच्या भागात एक लहानशी पिशवी असते. तिला फॅब्रिशियस ह्या जुन्या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने 'बर्सा' म्हणतात. ब्रूस ग्लिक हे तरुण संशोधक ती पिशवी काढलेल्या कोंबड्या पाळून होते. त्यांतल्या काही दुसऱ्या एका प्रयोगासाठी वापरल्या गेल्या आणि दिसून आले की जंतू टोचूनही त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्येच तयार होत नाहीत. एका मोठ्या शास्त्रीय नियतकालिकाने हा निबंध परत केला. तो १९५६ साली कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. पुढे १९६५ साली मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड ह्यांनी दाखवले की लसीकापेशींच्या दोन जाती आहेत. एक छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होते, ती टी-पेशी. दुसरी ह्या बर्सात तयार होते, ती बी-पेशी. माणसाला बर्सा नसतो. आपल्या बी-पेशी हाडांच्या मगजात जन्मतात. पण 'बी' हे अक्षर कोंबडीपासून आले ते राहिलेच. मामांच्या कागदावरच्या त्या 'बी'चा उगम हा असा आहे.

एकदा ही जात कळल्यावर १९७४ साली अमेरिकेत ल्यूक्स आणि कॉलिन्स ह्यांनी व जर्मनीत कील येथे लेनर्ट ह्यांनी सांगितले की रॅपपोर्टच्या त्या मोठ्या पेशी बहुतेक करून बी-पेशीच आहेत. लढाईला उभ्या राहताना त्या मोठ्या होतात, आणि त्याच अवस्थेत बिघडल्या की असा रोग होतो. पण प्रत्येक पंडिताची वर्गवारी निराळी. एकाच रोग्याचा एकच तुकडा लंडनला एका नावाचा, शिकागोला दुसऱ्या नावाचा. १९८२ साली सहा प्रचलित वर्गवाऱ्या ११७५ रोग्यांवर पडताळून एक तडजोडीची वर्गवारी केली. १९९४ साली १९ विकृतिशास्त्रज्ञांनी एकत्र बसून तत्त्वच बदलले. नुसते रूप पाहून नव्हे, तर रूप, पेशीची जात, गुणसूत्रांतील बदल आणि रोग्याची प्रकृती, ही सगळी मिळून रोगाचे नाव ठरवायचे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हेच तत्त्व स्वीकारले. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २७७३ लिम्फोमांची ह्या नव्या रीतीने छाननी करून २००० साली निष्कर्ष छापले. त्यांत सर्वांत मोठा गट मामांच्याच नावाचा होता. हॉजकिनेतर रोगांपैकी सुमारे ३४ टक्के.

पण गुणसूत्रांचे हे प्रकरण काय? त्यासाठी आपल्याला आफ्रिकेत जावे लागेल. युगांडात कंपाला येथे डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यवैद्य होते. लहानपणीच त्यांचा एक डोळा गेला होता. १९५७ साली त्यांनी दोन्ही जबडे सुजलेले एक मूल पाहिले, आणि पुढे दुसऱ्या गावी तसेच दुसरे. एका डोळ्याच्या ह्या माणसाने जे पाहिले, ते दोन डोळ्यांच्या पुष्कळांनी पाहूनही पाहिले नव्हते. १९६१ साली जुनी मोटार घेऊन दोन मित्रांसह ते सुमारे दहा हजार मैल फिरले, रुग्णालयामागून रुग्णालय विचारीत गेले आणि रोगाचा नकाशा तयार केला. त्याच वर्षी लंडनला त्यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एप्स्टाइन ह्यांनी त्या गाठी मागवल्या, आणि १९६४ साली त्यांत एक विषाणू सापडला. आक्रमक बी-पेशी लिम्फोमांपैकी हा एक, बर्किटचा लिम्फोमा.

ह्याच रोगाने जनुकांचे दार उघडले. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. १९७२ साली बर्किटच्या पेशींत चौदाव्या गुणसूत्राला एक जादा तुकडा जोडलेला दिसला. १९७६ साली कळले की तो आठव्यावरून तुटून आला आहे. १९८२ साली उलगडा झाला. आठव्या गुणसूत्रावर 'मिक' नावाचे जनुक असते. पेशीला 'वाढ, दुभंग' असा हुकूम देणे हे त्याचे काम. एरवी ते गरजेपुरतेच बोलते. चौदाव्यावर प्रतिद्रव्ये बनवणारे जनुक असते, आणि बी-पेशीत त्याचा कारखाना अहोरात्र चालू.

शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे समजावायला वेळ लागणार नाही. पाटाचे पाणी पाळीने मिळते. पाळी आली की दार उघडायचे, संपली की बंद करायचे. आता समजा, एका रात्रीत एखाद्याचे शेत उचलून पाटाच्या सदा वाहत्या तोंडाशी नेऊन ठेवले. मग पाळी कसली? पाणी चालूच! शेताचा दोष नाही, पाण्याचाही नाही, जागा चुकली. 'मिक'चे नेमके हेच झाले. जनुक तेच, पण कायम उघड्या तोंडाशी जाऊन बसले, आणि पेशी थांबेनाशी झाली.

दुसरे एक जनुक अठराव्या गुणसूत्रावर असते. ते १९८४–८५ च्या सुमारास सापडले. तेही तुटून चौदाव्याजवळ जाते. त्याचे नाव बीसीएल-दोन. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की हे जनुक पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही. म्हातारी, बिघडलेली पेशी आपणहून मरते, हा शरीराचा नियम. बीसीएल-दोन तो नियमच मोडते. आता विचार करा, एकाच पेशीत दोन्ही बदल झाले तर? एक म्हणतो वाढत राहा, दुसरा म्हणतो मरू नकोस. आणि सूक्ष्मदर्शकाखाली ह्यातली पुष्कळशी पेशी दिसते कशी? साध्या मोठ्या बी-पेशी लिम्फोमासारखीच!

तेव्हा मामींच्या प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्याकडे आपण येऊन पोहोचलो. २००० साली अमेरिकेत ॲश अलिझादे, लुई स्टॉड्ट, पॅट्रिक ब्राउन आदी संशोधकांनी मामांच्या नावाच्या गाठी घेऊन त्यांतली हजारो जनुके कोणती बोलतात आणि कोणती गप्प आहेत हे मोजले. एका नावाखाली निदान दोन रोग निघाले. एकातील पेशी ग्रंथीच्या जननकेंद्रातल्या पेशींसारख्या, दुसऱ्यातील लढाईला उठवलेल्या पेशींसारख्या. पहिल्या गटातले रोगी अधिक जगत, दुसऱ्यातले कमी. दिसायला मात्र दोन्ही एक. २०१६ च्या सुधारणेत जागतिक आरोग्य संघटनेने दुहेरी बदलाच्या लिम्फोमाला स्वतंत्र घर दिले. मोठ्या बी-पेशींच्या शंभर रोग्यांत असे पाच ते दहा असतात, आणि नेहमीच्या औषधाला ते दाद कमी देतात. त्यांना बहुधा अधिक कडक औषधक्रम देतात. २०१८ साली दोन निरनिराळ्या गटांनी जनुकांवरून ह्या एका नावाचे आणखी चार-पाच भाग पाडले. आणि २०२२ साली काय व्हावे? पंडितांचे पुन्हा फाटले, आणि एका वर्षात दोन वर्गवाऱ्या निघाल्या! इतिहासवाल्याला ह्यात नवल नाही. शिवजन्माच्या तिथीचा वाद आपण किती वर्षे ऐकला!

मामांच्या गाठीत दुहेरी बदल होता की नव्हता? ती तपासणी तेव्हा झाली नाही. जनुकांना चमकणाऱ्या रंगाचे ठिपके लावून पाहण्याची ती रीत त्या काळी सर्रास वापरात नव्हती, आणि त्या घराला तर त्या रोगाचे नावही कागदावर मिळाले नसते, कारण ते खातेच अजून उघडले नव्हते. मामा आणि ते वस्तीवरचे गृहस्थ कागदावर एका खात्यात होते. शरीरात होतेच असे नाही. मामींना मी एवढेच सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी औषधाचा दोष न्हाई, आन आपल्या सेवेचाबी न्हाई." त्यांनी इतकी वर्षे मनात काय बाळगले होते, ते मला त्या दिवशी कळले.

औषधांविषयीही दोन शब्द. १९७० च्या दशकापासून चार औषधांचा एक क्रम चालत आला आहे. त्यातले एक, व्हिन्क्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या जातीपासून काढतात. १९९७ साली बी-पेशीच्या अंगावरची खूण ओळखून तिच्यावरच जाऊन बसणारे रिटुक्सिमॅब हे औषध मान्य झाले. २००२ साली फ्रान्समधील प्रयोगांनी दाखवले की ते जुन्या चारांना जोडले तर अधिक रोगी जगतात. आज ह्या पाचांवर सुमारे साठ टक्के रोगी बरे होतात. हे औषध अतोनात महाग होते. २००७ साली हैदराबादच्या एका कंपनीने त्याची स्वस्त प्रतिकृती काढली. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि टाटा रुग्णालयाने रोग्यांवर पारखलेल्या नव्या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांना बिघडलेल्या बी-पेशी ओळखायला शिकवायचे आणि परत सोडायच्या. उलटून आलेल्या रोगावर हा उपाय. परदेशच्या मानाने त्याची किंमत दहाव्या हिश्शाच्या आसपास असली, तरी ती लाखांच्या घरात आहे. लेडी मेहरबाईंच्या स्मारकाचे रुग्णालय रक्ताच्याच कॅन्सरावरचा असा उपाय घडवण्यात भागीदार झाले, हे समाधान लहान नाही. पण कवठ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो परवडेल, तेव्हा ते पुरे होईल.

वाचकहो, एवढा इतिहास ऐकवून शेवटी उपदेश करणे बरे नव्हे. पण मामांची आठवण मला तो करायला लावते. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली म्हणून घाबरून जाऊ नका. बहुतेक गाठी साध्या जंतूंच्या किंवा क्षयाच्या असतात, आणि क्षय औषधाने बरा होतो. पण गाठ दुखत नाही म्हणून स्वस्थही बसू नका. न दुखणारी गाठ तीन-चार आठवड्यांत ओसरली नाही, वाढतच गेली, रात्री घाम फुटू लागला, वजन उतरू लागले, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा की तुकडा काढून पाहायचा का? नुसत्या हाताने दिलेले नाव हा तर्क असतो. तुकड्यावरून दिलेले नाव हा पुरावा. लिम्फोमा निघालाच, तर पुढचा प्रश्न विचारा, ह्यातला कोणता? आणि प्रयोगशाळेतून परत मिळणारे कागद आणि मेणात बसवलेला तुकडा सातबाऱ्याच्या उताऱ्याइतका जपून ठेवा. आज ज्याला एक नाव आहे, त्याला उद्या दोन असतील.

मामांचा तो कागद माझ्याकडे आहे. आजोळच्या पत्र्याच्या पेटीत जुनी मोडी कागदपत्रे होती, त्यांतच मामींनी तो ठेवला होता. पेटी माझ्या हवाली करताना त्या म्हणाल्या, "हाबी तुझ्याच कामाचा." मला तेव्हा त्यांचे बोलणे नीट समजले नव्हते. आता समजते.